गाडी धुरजड हवी: हाफ-टन पिकअपला कॅम्पर किंवा बोट जोडण्याआधी

ओळखीत कुणी पिकअप घेतला की दोन-तीन महिन्यांत फोन येतो. "कॅम्पर बघतोय, अठ्ठावीस फुटी. सेल्समन म्हणाला, ट्रक अकरा हजार पौंड ओढतो. चालेल ना?" (कॅम्पर म्हणजे ट्रकमागं ओढायचं चाकांवरचं घर.) माझं उत्तर ठरलेलं आहे: ड्रायव्हरचं दार उघड, आतल्या खांबावरच्या पट्टीचा फोटो काढून पाठव, मग बोलू.

हा लेख म्हणजे त्या फोनवरच्या बोलण्याचाच विस्तार. मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो, म्हणून उदाहरणं इकडची आहेत. अमेरिकेत कुठंही असलात तरी गणित तेच. ब्रेकचे आणि वेगाचे कायदे मात्र राज्यागणिक बदलतात. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर कमाल वेग ताशी ५५ मैल, मग बाजूच्या मोटारी ७०नं जात असल्या तरी. वाटेत जी राज्यं लागणार आहेत त्यांचे नियम घरून निघतानाच बघून ठेवा.

१. पट्टी वाचा, जाहिरात नको

'हाफ-टन' हे नाव जुन्या काळातलं. तेव्हा या ट्रकच्या हौद्यात अर्धा टन, म्हणजे १,००० पौंड माल बसायचा. आजचे फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, राम १५००, टोयोटा टुंड्रा त्याहून बरंच जास्त वाहतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दाराच्या खांबावर टायरच्या दाबाची पिवळी-पांढरी पट्टी असते. तिच्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा तुमचा पेलोड. तुमच्या ट्रकचा, तुमच्या मॉडेलचा नव्हे. त्याच कंपनीच्या, त्याच वर्षाच्या दोन ट्रकांत तीन-चारशे पौंडांचा फरक सहज पडतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर बाय फोर, चामड्याच्या सीटा या सगळ्यांचं वजन याच आकड्यातून वजा झालेलं असतं. ट्रक जितका महाग आणि नटवलेला, तितकी त्याची पाठ बहुधा कमी उरते.

आता गणित करू. समजा पट्टीवर १,५६० पौंड लिहिलंय. चौघांचं कुटुंब, मुलं शाळकरी, सगळे मिळून ४८० पौंड. हौद्यात जनरेटर, कूलर, जळण, खुर्च्या, ठोकळे असं २५० पौंड. वजन वाटणारा हिच (ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांगाडा, त्याविषयी पुढं) ९० पौंड. उरले ७४०.

हे ७४० पौंड कॅम्परच्या नाकाचे, म्हणजे ट्रकवर टेकणाऱ्या टोकाचे. इकडे त्याला टंग वेट म्हणतात. कॅम्परचं टंग वेट त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. मी १३ धरतो. ७४० भागिले ०.१३ म्हणजे सुमारे ५,७०० पौंड. अकरा हजारांचा ट्रक घरगुती सहलीला निघाला की पावणेसहा हजारांचा होतो. पेलोड आधी संपतो, इंजिनाची ताकद नंतर. फसगत होते ती इथंच, कारण इंजिन तक्रार करत नाही. ते ओढत राहतं.

मग अकरा हजार हा आकडा खोटा का? नाही. तो एसएई जे२८०७ नावाच्या मानकाप्रमाणे काढलेला असतो. त्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या रस्त्यावर बेतलेली आहे: ११.४ मैलांचा चढ, एसी पूर्ण चालू. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमची सासू, कुत्रा आणि तांदळाचं पोतं त्यात नाही.

कॅम्पर विकत घेताना दुसरा चकवा असतो तो 'ड्राय वेट'चा. हे रिकाम्या कॅम्परचं वजन. पाणी गॅलनला ८.३४ पौंड भरतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर गेलात. वीस पौंडी गॅसची टाकी भरल्यावर ३७ पौंडांच्या आसपास जाते आणि बहुतेक कॅम्परना अशा दोन टाक्या असतात. शिवाय बॅटरी, गाद्या, भांडी, कपडे. मी ड्राय वेटमध्ये डोळे झाकून हजार पौंड मिळवतो. तेवढं होत नाही असं म्हणणारे पहिल्या सहलीत कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं आणि पाच किलो कणीक घेऊन निघतात.

२. धुरजड आणि उलाळ

आमचं मूळ घर कोल्हापूरकडचं. लहानपणी उसाच्या बैलगाड्या भरताना बघितलेल्या आहेत. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की म्हातारी माणसं ओरडायची, "गाडी उलाळ होतीया, म्होरं सरकवा." उलाळ गाडी मागं झुकते, धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवर नीट बसत नाही. याउलट धुरजड गाडी पुढं दबते. फार धुरजड केली तर बैलांच्या मानेला काच. पण थोडी धुरजड असली तर गाडी सरळ चालते.

ट्रेलरचं शास्त्र याहून वेगळं नाही. टंग वेट म्हणजे धुरेवरचं वजन. ते दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. वजनाचा मध्य ट्रेलरच्या आसाच्या मागं गेला की वाऱ्याच्या एका धक्क्यानं सुरू झालेलं डोलणं आपोआप विरत नाही, प्रत्येक झोक्याला वाढत जातं.

हे सगळं मला पाठ होतं, तरी पहिल्या वर्षी मी ते केलंच. ओक्लाहोमात चिकासॉ रिक्रिएशन एरियाला निघालो होतो. मुलांच्या दोन आणि आमच्या दोन अशा चार सायकली ट्रक भरून झाल्यावर उरल्या, म्हणून कॅम्परच्या मागच्या बंपरवर रॅक लावून टांगल्या. रॅकसकट जेमतेम दीडशे पौंड. आय-३५वर रेड नदी ओलांडली, आडवा वारा सुरू झाला, आणि एक अठरा चाकी डावीकडून पुढं गेला. आधी कॅम्पर उजवीकडे ढकलला गेला, मग त्याच्याकडे ओढला गेला. आरशात कॅम्परची डावी भिंत दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. पाच-सहा सेकंदांचा खेळ, पण स्टिअरिंगवर घामाचे ओले ठसे उमटलेले मी नंतर बघितले.

अशा वेळी पायातलं ब्रेक पॅडल जोरात दाबायची इच्छा होते. दाबू नका. ट्रक हळू होतो, मागचं धूड होत नाही, आणि दोघांची घडी होते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, डोलण्याला उलट वळणं देत बसू नका, आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ताणला जातो आणि रांगेत येतो. ती कळ कुठं आहे हे आंधळेपणी सापडलं पाहिजे. घराच्या दारात उभ्या ट्रकमध्ये डोळे मिटून दहा वेळा तिच्यावर बोट ठेवून बघा. हसू आलं तरी बघा.

सायकली पुढच्याच थांब्यावर काढून हौद्यात, सामानाच्या डोक्यावर आडव्या बांधल्या. उरलेला प्रवास गाडी मुकाट चालली. नियम एवढाच: जड सामान आसाच्या थोडं पुढं आणि जमिनीलगत, मागं फक्त हलकं. कॅम्परच्या पाण्याची टाकी कुठं आहे ते खाली वाकून बघा. ती आसाच्या मागं असेल तर भरून नेल्यानं टंग वेट कमी होईल, पुढं असेल तर वाढेल.

३. हिच, बॉल आणि स्प्रिंग बार

ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच बसतो त्या चौकोनी नळीवर, एक लेबल असतं आणि त्यावर बहुधा दोन ओळी: वजन वाटणाऱ्या हिचशिवाय किती आणि हिचसकट किती. बऱ्याच हाफ-टन ट्रकांना पहिली ओळ ५,००० पौंड आणि टंगला ५०० इथंच थांबते. ट्रक, रिसीव्हर, बॉल (हिचवरचा लोखंडी गोळा), कपलर (ट्रेलरच्या नाकाची, त्या गोळ्यावर बसणारी टोपी) या साखळीत सगळ्यात कच्चा दुवा जो असेल तीच तुमची मर्यादा. बॉलच्या माथ्यावर किंवा मानेवर माप आणि क्षमता कोरलेली असते. मोठ्या कॅम्परना २ ५/१६ इंची बॉल लागतो, मध्यम बोटींना बहुधा २ इंची. मोठ्या कपलरखाली छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या खड्ड्यात तो निसटतो. म्हणून दोन्हींवरचं माप वाचूनच जोडा.

वजन वाटणारा हिच कशासाठी? सात-आठशे पौंड ट्रकच्या शेपटीवर, मागच्या आसाच्याही मागं बसले की मागची बाजू दबते आणि नाक उचललं जातं. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पाण्यात फिरवल्यासारखं लागतं, रात्री दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. हिचचे दोन स्प्रिंग बार तरफेसारखं काम करतात आणि त्या वजनातला काही भाग पुढच्या आसावर, काही ट्रेलरच्या आसांवर ढकलतात. पट्टीवरचा पेलोड मात्र त्यानं वाढत नाही. हे दुकानातही कधी कधी उलटं सांगतात.

हिच बरोबर लागला की नाही ते मोजपट्टीनं कळतं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतची उंची तीनदा मोजा: ट्रक मोकळा असताना, ट्रेलर टेकवल्यावर बार न लावता, आणि बार लावून. दुसऱ्या मापात नाक जितकं उचललं असेल त्यातलं किती परत आणायचं ते तुमच्या ट्रकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मूळ उंचीच्या खाली मात्र नेऊ नका, मग मागची चाकं हलकी पडतात. शेवटी दहा पावलं मागं जाऊन बाजूनं बघा. कॅम्पर सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेला दिसला पाहिजे.

४. ब्रेक

टेक्सासात ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड आहे. कायद्याचं सोडा, कॅम्परला ब्रेक असतातच, ते चालतात का हा प्रश्न.

कॅम्परचे ब्रेक विजेवर चालतात, सात पिनांच्या प्लगमधून. ट्रकमध्ये कंपनीचा ब्रेक कंट्रोलर नसेल तर बाहेरून बसवून घ्या, आणि 'प्रपोर्शनल' प्रकारचाच घ्या. तो तुम्ही ट्रक जितका कचकन थांबवाल तितकाच जोर मागं लावतो. स्वस्तातला 'टाइम डिले'वाला पायाचा अंदाज न घेता आपल्या ठरलेल्या वेळानं जोर वाढवत नेतो.

जोर किती ठेवायचा ते मोकळ्या, कोरड्या, सपाट पार्किंगमध्ये ठरवा. ताशी २०-२५ मैलांवर हातकळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं घासत गेली तर आकडा कमी करा, ट्रेलर नुसता ढकलत राहिला तर वाढवा. चाकं अडकण्याच्या किंचित अलीकडचा आकडा तुमचा. पाऊस असेल किंवा ट्रेलर रिकामा असेल तर पुन्हा करून बघा.

ट्रेलरच्या नाकाशी एक पातळ तार आणि खुंटी असते. ट्रेलर चुकून सुटलाच तर ती खुंटी उपटली जाते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. ही तार ट्रकच्या हिचवरच्या वेगळ्या जागी अडकवा, साखळ्यांना किंवा बॉलच्या दांड्याला नको. आणि ती बॅटरी मेलेली असेल तर खुंटी नुसती शोभेची.

५. जोडण्याचा क्रम

क्रम एकदा ठरवा आणि मध्ये कुणी गप्पा मारायला आलं तर पहिल्यापासून सुरू करा. कॅम्पग्राउंडवर लोक गप्पा मारायला येतातच.

माझा क्रम असा. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. ट्रक मागं घेऊन बॉल कपलरच्या खाली. जॅक फिरवून कपलर बॉलवर उतरवायचा, खटका लावायचा, खटक्यात पिन घालायची. मग जॅक उलटा फिरवून नाक पुन्हा उचलायचा प्रयत्न करायचा. ट्रकचा मागचा भाग बरोबर उचलला गेला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बॉलवर बसलेलाच नव्हता. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी.

नंतर स्प्रिंग बार. मग साखळ्या, नाकाखाली एकमेकींवर फुली मारून, म्हणजे कपलर सुटला तरी नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकची तार, सात पिनांचा प्लग, दिव्यांची तपासणी. जॅक पूर्ण वर. पायऱ्या आत, अँटेना खाली, फ्रिजचं दार बंद. ठोकळे सगळ्यात शेवटी काढायचे. आणि सोडताना ठोकळे सगळ्यात आधी लावायचे. हे उलटं झालं तर कपलर बॉलवरून उचलताच ट्रेलर उताराकडे निघतो, आणि तो हातानं धरायला जाऊ नका.

टायर हा वेगळा धडा. ट्रेलरला 'एसटी', म्हणजे 'स्पेशल ट्रेलर' टायर लागतात. दाब ट्रेलरच्या पट्टीवर दिलेला असतो तो, आणि सकाळी टायर थंड असताना बघायचा. कमी हवेचा टायर गरम होऊन फुटतो आणि फुटताना चाकाच्या वरचं पत्र्याचं अस्तर, गॅसची नळी, जे सापडेल ते झोडपतो. टायरच्या कडेवरच्या डीओटी क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसोत, पाच-सहा वर्षांनंतर मी टायर बदलतो. कडेवर वेगाची खूण नसेल तर मी ६५ मैल हीच त्याची मर्यादा धरतो. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० मैलांत थांबून नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा.

६. एकदा काट्यावर चढवा

ऊस कारखान्यात जातो तेव्हा भरलेली गाडी काट्यावर चढते आणि रिकामीही चढते, दोन्हींतला फरक म्हणजे माल. तेच करायचं. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा ट्रक तोलायचा काटा असतो, तिथं कुणीही वजन करू शकतं. सहलीला निघतो तसं सगळं भरून, माणसांसकट जा. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या फळ्यांवर येतील असे उभे राहा. मग स्प्रिंग बार सैल करून पुन्हा एक वजन घ्या. शेवटी ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसत्या ट्रकचं.

दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन आकड्यांच्या बेरजेतून तिसऱ्या पावतीतलं ट्रकचं वजन वजा केलं की खरं टंग वेट हातात येतं. एकूण वजनातून ट्रकचं वजन वजा केलं की ट्रेलरचं. आता टक्का काढा. पहिल्या पावतीतला मागच्या आसाचा आकडा दाराच्या दुसऱ्या पट्टीवरच्या आसाच्या मर्यादेशी ताडून बघा. माझा पहिला टक्का साडेनऊ आला होता, सायकलींचा घोळ त्यानंतर उमगला.

७. रस्त्यावर

वेग ६० ते ६५. पुढच्या गाडीपासून अंतर एरवीच्या दुप्पट. वळताना ट्रेलर आतून कापतो, म्हणून चौकात नेहमीपेक्षा पुढं जाऊन मग वळा. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर कसं पडणार ते बघा. नसता कॅम्पर दोन पंपांच्या मध्ये अडकवून अख्ख्या रांगेचे आशीर्वाद मिळतात. ॲव्हरेज निम्म्यावर येतं. गॅलनला ९ मैल पडले तर २३ गॅलनची टाकी दोनशे मैलांत रिकामी, म्हणजे पश्चिम टेक्सासात अर्धी टाकी हाच तुमचा तळ समजा.

टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर त्याप्रमाणे बदलणारी सोय) चालू ठेवा. चढावर तो सारखं गिअर बदलणं थांबवतो, पण खरी गंमत उतारावर, तिथं तो खालच्या गिअरला येऊन इंजिनानं गाडी धरतो. एसटीचे जुने चालक सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा. कोलोरॅडोत आय-७०वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नकडचा उतार ७ टक्क्यांचा. वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प आहेत, ते उगीच नाहीत. उतार लागण्याआधी वेग कमी करा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठामपणे दाबून वेग दहा मैलांनी उतरवा, सोडा, पुन्हा चढला की पुन्हा. आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, तेव्हा त्या चढावर उजव्या लेनमध्ये चाळीसनं जाण्यात कमीपणा काही नाही.

८. रिव्हर्स

हात स्टिअरिंगच्या तळाशी, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात. बस. डोक्यात उलटसुलट करत बसलात तर जन्मभर जमणार नाही. चाक थोडंच फिरवा, थांबा, आरशात परिणाम बघा. ट्रेलर आणि ट्रकमधला कोन वाढायला लागला की सुधारत बसू नका, पुढं घ्या, सरळ करा, पुन्हा या. कॅम्पर चालकाच्या बाजूला वळेल असा कोन निवडा, म्हणजे खिडकीतून सगळं दिसतं.

मागं उभ्या असलेल्या माणसाशी भाषा आधी ठरवा. आमच्या पहिल्या रात्री अंधार पडलेला, बायको मोबाइलचा दिवा हलवत ओरडतेय, "डावीकडे! अरे, माझ्या नाही, तुझ्या डावीकडे!" आणि शेजारचं टेक्सन जोडपं खुर्च्या आमच्याकडे फिरवून बसलेलं. आता आमच्यात डावं-उजवं नाही. "ड्रायव्हर साइड", "झाडाची साइड" आणि "थांब". ती मला आरशात दिसली नाही की मी थांबतो. शक्यतो उजेडात पोचा. रविवारी सकाळी सातला एखाद्या हायस्कूलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार प्लास्टिकचे कोन लावून तासभर केलेला सराव शंभर व्हिडिओंपेक्षा बरा.

९. बोट

हायवेवर बोट सोपी. बुटकी असते, वारा अंगावर घेत नाही. वीस फुटी फायबरग्लासची बोट ट्रेलर, पेट्रोल आणि सामान धरून बहुधा साडेचार-पाच हजार पौंडांत बसते. टंग वेटही कमी लागतं, साधारण ५ ते १० टक्के, ट्रेलरवाल्याच्या पुस्तिकेत असेल ते खरं. कॅम्परचा घाम हायवेवर निघतो, बोटीचा रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावर.

ब्रेकही वेगळे. ट्रेलर पाण्यात जायचा म्हणून विजेऐवजी 'सर्ज ब्रेक' असतात. ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढं ढकलला जातो आणि त्या रेट्यानंच नाकातला हायड्रॉलिक दट्ट्या दाबला जातो. चढावर रिव्हर्स घेतानाही तोच रेटा ब्रेक लावतो. म्हणून प्लगला पाचवी तार असते, ती रिव्हर्स लाइटच्या विजेवर ब्रेक सोडवते. चार पिनांच्या प्लगला जोडून "ट्रक मागंच जात नाही" म्हणणारे मी बघितलेत.

लेकवर पोचलात की थेट रॅम्पवर जाऊ नका. आधी बाजूच्या तयारीच्या जागेत: तळाचं बूच घट्ट, मागचे पट्टे सोडलेले, सामान बोटीत, दोर बांधलेला, दिव्यांचा प्लग काढलेला. पुढचा विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या रहाटाचा) पट्टा आणि साखळी मात्र राहू द्या. बोट गुळगुळीत फळ्यांवर बसलेली असते, ओल्या उतारावर ती सिमेंटवर उतरायला वेळ लावत नाही. या तयारीत पंधरा-वीस मिनिटं गेली तर उत्तम, तेवढ्यात हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, निवतात. हायवेवरून आलेला गरम हब गार पाण्यात बुडवला तर आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि बेअरिंगचं ग्रीस धुतलं जातं.

मग सावकाश मागं. ट्रेलरचे फेंडर पाण्याखाली जेमतेम जातील तिथं थांबा. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक, मुलं ट्रकबाहेर, खिडक्या उघड्या. पाण्याच्या काठाचं सिमेंट शेवाळानं बुळबुळीत असतं, तिथं चप्पल घालून उतरू नका. बोट तरंगली की विंच सोडा. परत घेताना ट्रेलर थोडा कमी बुडवा, म्हणजे बोट फळ्यांवर मधोमध बसते.

बाहेर आल्यावर निघायची घाई करू नका. रेड नदीवरच्या टेक्सोमा लेकमध्ये २००९ साली झेब्रा शिंपले सापडले, आणि २०१४पासून टेक्सासात कुठल्याही सार्वजनिक गोड्या पाण्यातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं कायद्यानं सक्तीचं आहे. बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचलेलं), लाइव्हवेलचं (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं), आणलेल्या बादलीचंसुद्धा. बूच काढा, नाक उंचावर येईल असं उतारावर उभे राहा, थेंब थांबेपर्यंत थांबा. प्रोपेलरला लटकलेलं शेवाळ ओढून काढा. मागचे पट्टे आवळा, प्लग लावा, दिवे बघा. पहिल्या थांब्यावर चारी हबांवर हात ठेवा. चटका बसला तर बेअरिंग काहीतरी सांगतंय.

काढलेलं बूच मी ट्रकच्या कप होल्डरमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी लेकला निघताना कॉफीचा मग ठेवायला जावं तर आधी तेच हाताला लागतं.